ब्रिटिश जमीनदारांची ‘आदर्श’ शेतआवारं: अक्कल की मिजास?

चौकट: अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या बड्या जमीनदारांनी आखूनरेखून शेतआवारं बांधली. मधे चौक, भोवती गोठे, उत्तरेला उंच कोठार. म्हणजे गार वारा अडतो आणि दक्षिणेचं ऊन जनावरांना मिळतं. आर्किटेक्ट मंडळी यावर फिदा असतात. मला हा बराचसा हौसेचा मामला वाटतो. केंब्रिजशायरमधल्या विम्पोलच्या जहागिरीत १७९०च्या दशकात थेट जॉन सोन या नामवंत आर्किटेक्टला बोलावून गवताने शाकारलेलं कोठार बांधून घेतलं. देखणं आहे, वादच नाही. पण ज्यांच्या खंडावर हे चाललं, त्या कुळांच्या वाट्याला काय आलं?

उकिरडा: कुळांच्याही वाट्याला आलं की! नॉरफोकमधल्या होल्कमला जमीनदार टॉमस कोकने आर्किटेक्ट सॅम्युअल वायटकडून कुळांची घरं आणि गोठेही बांधून घेतले, वर लांब मुदतीचे भाडेपट्टे दिले.
आणि दर्शनी भिंत बघून मत बनवू नका, शेण कुठून कुठे जातं ते बघा. इंग्लंडमधल्या कोलशिलचं आवार १८५०च्या दशकातलं, उतारावर बांधलेलं. पेंढ्या वरच्या अंगाला उतरवायच्या, तिथेच मळणी आणि वैरणीची कापणी, मग माल आपल्या वजनाने खाली गोठ्यांकडे. चढावर ओझी वाहायला माणूस लागत नाही. पुढे तर चौकांवर छपरं आली, कारण उघड्या उकिरड्यातलं नत्र आणि पालाश पावसात वाहून जातं, उरतो तो चोथा. १८४६ला आयात धान्यावरच्या जकातीचं संरक्षक कवच काढायचा कायदा झाला, म्हणजे परदेशी धान्याशी थेट स्पर्धा. मग मांस आणि खत यांवरच भिस्त ठेवायची तर असं आवार लागणारच.

चौकट: कोलशिल मान्य. आता वेल्समधलं लेटन घ्या. जॉन नेलर, लिव्हरपूलचा बँकर. डुकरांसाठी गोल इमारत, मेंढ्यांसाठी तशीच दुसरी. पातळ खत डोंगरावरच्या टाकीत चढवायचं आणि नळांनी शेतात सोडायचं! शेतीच्या उत्पन्नातून हे निघतं होय? जहागीर मिळाली लेलँड घराण्याकडून, आणि त्या घराण्याच्या संपत्तीचं मूळ गुलामांच्या व्यापारात. पुढे १८७०च्या दशकात अमेरिकेचा स्वस्त गहू बोटींनी येऊ लागला, भाव कोसळले, आणि सगळीकडचे असले पांढरे हत्ती अंगाशी आले.

कडबा: अवांतर: शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडणं लावणारं ते लेलँड सायप्रस या झपाट्याने उंच वाढणाऱ्या झाडाचं कुंपणही मूळ लेटनचंच.
मुद्द्याचं: पैसा पापाचा होता म्हणून उतारावरचा गोठा चुकीचा ठरत नाही. मात्र एक गोष्ट कुणीच बोलत नाही. जुन्या आवारांची आता घरं होताहेत. गाडीखान्याच्या कमानींत काचा बसतात, चौकात मोटारी लागतात, गव्हाणी उखडल्या जातात. कोणती वस्तू कुठून कुठे जायची हे वाचताच येत नाही. मग राखलं काय, विटा?

उकिरडा: ओसाड पडू द्यायचं का मग? ट्रॅक्टर त्या कमानीतून जात नाही. छप्पर टिकवायला पैसा कुठून आणायचा, ते सांगा.

कडबा: निदान गव्हाणी तरी जागेवर ठेवा. दिवाणखान्यात एखादी गव्हाण असली तर काय बिघडतं? पुस्तकं ठेवा त्यात.