घरी शिकणाऱ्या दिव्यांग मुलासह ठाण्याहून बंगळुरूला जाताना

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): आमचा स्वमग्न मुलगा ११ वर्षांचा असून गेली तीन वर्षे मी त्याला घरीच शिकवते. यजमानांच्या बदलीमुळे जूनमध्ये आम्हाला बंगळुरूला जावे लागणार आहे. त्याचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) तेथे चालेल का आणि पुढे दहावीचे काय, याची काळजी लागून राहिली आहे.

उत्तर (ऐरोली): ते कार्ड देशभर ग्राह्य असते, फक्त पत्ता बदलून घ्या. एनआयओएस हे शाळेत न जाता दहावी देता येणारे मुक्त शिक्षणाचे राष्ट्रीय मंडळ असल्यामुळे राज्य बदलल्याने दहावीचे अडणार नाही; वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक व जादा वेळ यांची सोय आहे.

उत्तर (वाशी): कागदपत्रांपेक्षा मुलाचा दिनक्रम मोडणे अधिक जड जाते, हे मी आमच्या लेकीच्या बाबतीत अनुभवले आहे. म्हणून नव्या घराची छायाचित्रे त्याला आतापासून रोज दाखवा, त्याचे टेबल आणि चित्रांचे वेळापत्रक सर्वांत शेवटी बांधा व पोहोचताच सर्वांत आधी मांडा. थेरपिस्टचा लेखी अहवाल मात्र निघण्यापूर्वीच घ्या.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. टेबल शेवटी बांधण्याचे मला सुचलेच नव्हते.