गूगलवर नाही म्हणजे उल्लेखनीय नाही?

एखाद्या लोककलावंतावर विकिपीडियात लेख लिहायचा म्हटलं, की ‘गूगलवर काही सापडत नाही, मग लेख कशाला’ असं कुणीतरी म्हणतं. हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. विषय उल्लेखनीय, म्हणजे स्वतंत्र लेखाला पात्र, आहे का हे ठरवताना विकिपीडियाचा नियम स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोत मागतो. ते ऑनलाइन किंवा इंग्रजीत असावेत अशी अट नाही. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांच्या चरित्रकोशातली नोंद, जुन्या दैनिकातला सविस्तर मृत्युलेख, तमाशावरच्या संशोधनग्रंथातलं प्रकरण, हे सगळं चालतं. फक्त पान क्रमांक आणि अंकाची तारीख नीट द्या, म्हणजे दुसऱ्याला ग्रंथालयात जाऊन पडताळता येतं.

गौरवग्रंथाबाबत मात्र सावध राहा. तो बहुतेकदा सत्कार समितीच काढते, त्यामुळे जन्मगाव, पुरस्कार अशा तपशिलांपुरता ठीक. उल्लेखनीयता ठरवायला तो स्वतंत्र स्रोत धरला जाणं कठीण. आपल्या लोककलावंतांचे लेख नेमके इथेच अडकतात, म्हणून आधी वर्तमानपत्रांची कात्रणं जमवा.