शब्दचर्चा : कॅरेक्टर ‘लेव्हल अप’ करणे – मराठीत नेमकं काय म्हणायचं?

रात्रपाळी :
मंडळी, जरा मदत हवीय. दिवाळी अंकासाठी ऑनलाइन रोलप्लेइंग गेम्सवर लेख लिहितोय, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, रुनस्केप, एव्हरक्वेस्ट वगैरे, म्हणजे ज्यात आपण एक कॅरेक्टर घेतो आणि महिनोन्महिने त्याच्यामागे लागून लेव्हल वाढवत बसतो. संपादकांनी जिथे जिथे ‘लेव्हल अप’ आलंय तिथे लाल खूण केलीय आणि समासात सुचवलंय ‘पात्राचे पातळीवर्धन’. वाचून मला पाणीपुरवठा खात्याची नोटीस आल्यासारखं झालं. इंग्रजी शब्दाचं मला वावडं नाही, लेव्हलला लेव्हलच म्हणणार, पण निदान क्रियापद तरी आपलं असावं कारण ते लेखात पानापानावर येतंय. खेळणारे बोलताना काय म्हणतात ते सांगा, कोशातलं नको.

खडूफळा :
संपादकांना सांगा की ‘पात्र’ आणि ‘पातळी’ एका वाक्यात आणू नका, पूर येईल. खरंच सांगतोय. ‘पात्राची पातळी वाढली’ हे वाक्य आपल्याकडे फक्त जुलै-ऑगस्टमध्ये छापून येतं. कोल्हापूरच्या माणसाला विचारा, राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ म्हणजे धोका पातळी हे त्याला झोपेतसुद्धा पाठ असतं. तुमचा लेख वाचून लोक सामान माळ्यावर टाकतील.

दुसरं म्हणजे ‘पातळी गाठणे’ हे मराठीत बोलण्या-वागण्याबद्दल चांगल्या अर्थाने फारसं येतच नाही हो. टीकेने खालची पातळी गाठली, पातळी सोडून बोलला. वरची पातळी गाठली असं कोणी कौतुकाने म्हणताना मी तरी ऐकलं नाही. ‘स्तर’ म्हटलं की खडक आणि जीवनमान आठवतं. ‘पात्र वाढवणे’ तर नकोच नको, पंगतीत बसल्यासारखं वाटतं, आधी मीठ-लिंबू की चटणी असं विचारावंसं वाटेल.

ओळंबा :
माझा अनुभव बांधकामाच्या साइटवरचा. आमच्याकडे ‘लेव्हल करणे’ म्हणजे उंचसखल असेल ते सपाट करणे, बरोब्बर उलटं! गवंड्याला ‘लेव्हल काढ’ म्हटलं की तो पाणसळ घेऊन येतो, म्हणजे जुना गवंडी, नवीन पोरं स्पिरिट लेव्हलच म्हणतात. इंग्रजीतला शब्दसुद्धा मुळात तराजूच्या लॅटिन शब्दावरून आलाय, समतोल दाखवणारा. म्हणजे मुळात जो शब्द ‘आडवं सरळ’ सांगायचा तो ‘वर चढला’ सांगायला कधी लागला? गेमवाल्यांनी हे कुठून उचललं?

रात्रपाळी :
@ओळंबा, हे मला लेखात घ्यायचंच होतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ, आणि आज ऑनलाइन गेममध्ये जे जे दिसतं, एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण, हिट पॉइंट म्हणजे अजून किती मार सोसेल तो आकडा, लेव्हल, त्यातलं बरंचसं तिथून आलंय. गंमत म्हणजे तिथे लेव्हल हा एकच शब्द चार ठिकाणी राबत होता. कॅरेक्टरची लेव्हल, मंत्राची लेव्हल, राक्षसाची लेव्हल आणि भुयाराची लेव्हल. भुयाराची लेव्हल खाली खाली मोजायची बरं का, पहिली सगळ्यात वरची आणि जितकं खोल तितका आकडा मोठा आणि तितके राक्षस भारी. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये गायगॅक्स स्वतःच लिहितो की एकदा विचार होता कॅरेक्टरसाठी ‘रँक’, मंत्रासाठी ‘पॉवर’ आणि राक्षसासाठी ‘ऑर्डर’ असे वेगळे शब्द घ्यावेत, पण तोवर लोकांच्या तोंडात लेव्हल इतकं बसलं होतं की राहू दिलं.

आणि सुरुवातीला लेव्हलला नुसता आकडा नसायचा, किताब असायचा. लढणाऱ्या माणसाची चौथी लेव्हल म्हणजे ‘हीरो’, आठवी ‘सुपरहीरो’, नववी ‘लॉर्ड’.

खडूफळा :
मग हे आपल्याकडे होतंच की! नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी, सरनोबत. शिवकाळातल्या पायदळाची चढण. ‘माझा नाईकाचा हवालदार झाला’ असं लिहा, ‘लेव्हल अप’ची गरजच नाही.

रात्रपाळी :
छान आहे पण चालणार नाही हो सर. वॉरक्राफ्ट २००४ ला आला तेव्हाच ६० लेव्हल होत्या, साठ किताब आणायचे कुठून. आणि पुढे ती मर्यादा वाढत वाढत २०१८ मध्ये १२० वर गेली आणि २०२० ला कंपनीने सगळं आकसून पुन्हा खाली आणलं, १२० वाला एका रात्रीत ५० चा झाला. किताब असता तर जुमलेदाराला नाईक केल्याबद्दल बंडच झालं असतं.

गुलाबी पोरिंग :
मी रॅग्नारोक या ऑनलाइन गेमवाली, पोरिंग म्हणजे त्यातला गुलाबी गोळा, नावावरून कळलंच असेल. भारतात तो गेम ज्या कंपनीने आणला तिचं नावच ‘लेव्हल अप’ होतं, त्यामुळे आमच्यात या शब्दाला पर्याय शोधायची वेळच आली नाही 😄

आम्ही काय म्हणायचो ते सांगते. ‘लेव्हल मारली’, ‘दोन लेव्हल चढली’, ‘नाइंटी नाइन मारला’. लेव्हल कायम स्त्रीलिंगी, ‘माझा लेव्हल’ म्हणणारा एकच मुलगा होता आणि तो इंदूरचा होता. अनेकवचनाची कोणी पर्वा केली नाही, चार लेव्हल राहिली, चार लेव्हल राहिल्या, दोन्ही चालायचं.

आणि रॅग्नारोकमध्ये लेव्हल दोन असतात हे विसरू नका, बेस लेव्हल वेगळी, जॉब लेव्हल वेगळी. एक अंगाची आणि एक धंद्याची. जॉब लेव्हल १० होईपर्यंत तुम्ही नुसते नोव्हिस म्हणजे नवशिके, मग तलवारवाला, जादूवाला, व्यापारी, चोर जे व्हायचं ते व्हा. पुढे बेस ९९ आणि जॉब ५० झाली की गेममधल्या वाल्किरी नावाच्या पात्राकडे जाऊन रीबर्थ घ्यायचा आणि परत लेव्हल एकपासून सुरू. याला आम्ही सरळ ‘पुनर्जन्म’ म्हणायचो आणि ते इतकं चपखल होतं की इंग्रजी शब्दच विचित्र वाटायचा. घरी मात्र गोंधळ. फोनवर मैत्रिणीला म्हटलं, ‘माझं कॅरेक्टर अजून कच्चं आहे गं, दोन महिने दे’, आणि आजीने टीव्हीचा आवाज बंद केला.

ओळंबा :
😂 ‘अवतार’ म्हणा मग.

गुलाबी पोरिंग :
तेही करून बघितलं, आई म्हणाली तुझा अवतार बघ आधी आरशात.

लाल माती :
काय राव, एवढी चर्चा झाली आणि कुणाला ‘कमावणं’ आठवलं न्हाई? तालमीत पोरगं शरीर कमावतं. जोर-बैठका काढून, माती उकरून, खुराक खाऊन, वस्तादाच्या शिव्या खाऊन. दोन-चार वर्षं गेली की म्हणत्यात ‘कमावलेलं अंग हाय’. तुमच्या गेमात तर तेच चाललंय की. रोज तेच तेच करायचं, हळूहळू ताकद वाढवायची. कॅरेक्टर कमावलं. संपला विषय.

रात्रपाळी :
@लाल माती, भावा, हे भारी आहे. आणि नुसतं तालमीतलंच नाही, गवयाचा ‘कमावलेला आवाज’ असतो, कातडंसुद्धा कमावतात. कच्च्या वस्तूवर खूप दिवस मेहनत करून ती पक्की करणं, लेव्हलिंगचा अर्थ हाच तर आहे.

खडूफळा :
शब्द सुंदर आहे पण अडचण सांगतो. आजच्या पिढीला कमावणे म्हणजे पगार. ‘मी कॅरेक्टर कमावलं’ वाचून वाटेल की याला कुठल्या स्पर्धेत बक्षीस म्हणून मिळालं. शिवाय ही क्रिया लांब पल्ल्याची आहे. आज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कमावलं असं होत नाही, आणि लेव्हल अप तर एका क्षणात होते ना? मी खेळत नाही म्हणून विचारतो.

रात्रपाळी :
सर तुम्ही न खेळता बरोबर जागी बोट ठेवलंत. इंग्रजीतही या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत, आपण एका शब्दात कोंबायला बघतोय म्हणून अडतंय. ‘लेव्हलिंग’ ही ती लांबलचक मेहनत आणि लेव्हल अप म्हणजे तो टण्णकन वाजणारा क्षण. एव्हरक्वेस्टमध्ये, १९९९ चा गेम, लेव्हल चढली की आवाज व्हायचा आणि लोक चॅटमध्ये ‘डिंग’ टाइप करायचे, मग बाकीचे अभिनंदन करायचे. ते पुढे वॉरक्राफ्टमध्येही आलं, आणि डिंग हे क्रियापदच झालं, ‘मी काल डिंगलो’ असं पुण्यातल्या पोरांकडून मी ऐकलंय.

मेहनत किती लांबलचक असते त्यासाठी रुनस्केपचं उदाहरण देतो. तिथे स्वयंपाक, लाकूडतोड, मासेमारी प्रत्येकाची वेगळी लेव्हल, मूळ खेळात जास्तीत जास्त ९९. सुरुवात कोळंबी भाजण्यापासून, आणि ती करपते, खूप करपते. ९९ ला लागतात १,३०,३४,४३१ एक्सपी. आता ९२ ला किती? ६५,१७,२५३. म्हणजे ब्याण्णवाव्या लेव्हलला तुम्ही जेमतेम निम्म्या वाटेवर आलेले असता, शेवटच्या सात लेव्हलला आधीच्या सगळ्यांइतकंच घासायचं. साधारण दर सात लेव्हलला लागणारा एक्सपी दुप्पट होतो म्हणून असं. हे जे मधलं आहे त्याला ‘चढणे’ म्हणून भागत नाही, तिथे ‘कमावणे’च पाहिजे. आणि शेवटी ९९ वाजतात तो क्षण ‘चढली’.

गुलाबी पोरिंग :
म्हणजे ‘कॅरेक्टर कमावतोय’ पण ‘लेव्हल चढली’. हे मला पटतंय. पगाराची भीती मला वाटत नाही, शरीर कमावलं म्हटल्यावर कोणी विचारतं का कितीला पडलं?

ओळंबा :
मी थोडा वाकडा प्रश्न विचारतो. वॉरक्राफ्टमधला तो पांडाचं कॅरेक्टर घेतलेला खेळाडू माहितीये ना, ज्याने गेममधल्या दोन लढणाऱ्या बाजूंपैकी कुठल्याच बाजूला जायला नकार दिला? सुरुवातीच्या बेटावरून बाहेरच पडला नाही आणि नुसता झाडपाला तोडून आणि खाणीतले दगड फोडून ९० लेव्हल गाठली. लढाई जवळपास नाही, त्याच्या अंगावर धड चिलखत नाही. लेव्हल तर चढली, पण त्याला कमावलेला म्हणणार का?

लाल माती :
ते कमावणं न्हाई, ते तप हाय. हात जोडा आणि पुढं चला.

खडूफळा :
ओळंबा, याने तर मुद्दा आणखी पक्का होतो, लेव्हल हा आकडा आणि कमावणं हा गुण. आकडा कंपनी एका रात्रीत १२० चा ५० करू शकते हे वर आलंच. बरं, ते रोज तेच तेच करण्याला, ज्याला तुम्ही ग्राइंड म्हणता, त्याला काय म्हणता मग? दळण?

रात्रपाळी :
‘घासणे’ सर, शंभर टक्के. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर अभ्यासाला जे म्हणतात तेच. ‘काय करतोयस?’ ‘घासतोय.’ दळण दळणे म्हटलं की बडबड वाटते. आणि जे रोजचे ठरलेले डेली क्वेस्ट असतात, मन नसताना उरकायचे, त्याला ‘पाट्या टाकणे’ याच्यापेक्षा चांगला शब्द जगातल्या कुठल्याही भाषेत नसेल. फार्मिंगचं, म्हणजे तेच तेच राक्षस मारून माल गोळा करण्याचं, मात्र ‘शेती’ करू नका, ज्याच्या घरी खरी शेती आहे तो हसतो आणि मग चिडतो.

शब्द बदलला की खेळ कसा बदलतो त्याची वॉरक्राफ्टची एक गोष्ट आहे. बीटामध्ये, म्हणजे गेम बाजारात यायच्या आधीच्या चाचणीत, त्यांनी असं ठेवलं होतं की फार वेळ खेळलं की कॅरेक्टर थकतं आणि एक्सपी अर्धा होतो. लोक भडकले, शिक्षा का म्हणून? मग त्यांनी काय केलं, आकडे तेच ठेवले, फक्त अर्ध्याला ‘नेहमीचा’ म्हणायला लागले आणि आधीच्या पूर्ण एक्सपीला ‘विश्रांतीचा दुप्पट बोनस’. लगेच सगळे खूश. खानावळीत कॅरेक्टर झोपवून लॉगआउट करायचं म्हणजे उद्या बोनस.

लाल माती :
बगा, खुराक आणि झोप. आमचे वस्ताद फुकटात सांगत्यात.

गुलाबी पोरिंग :
आणि दुसऱ्याकडून लेव्हल वाढवून घेतात त्याला? मोठ्या लेव्हलचा मित्र राक्षस मारतो आणि हा त्याच्या पार्टीत म्हणजे गटात बसून एक्सपी खातो. आम्ही ‘कडेवर घेणे’ म्हणायचो, ‘मला ८० पर्यंत कडेवर घे ना’. पैसे देऊन तयार अकाउंट विकत घेणाऱ्यांना आयत्या बिळावरचे नागोबा. त्यांना धड स्किलची बटणं माहीत नसायची, बॉससमोर पहिल्या दहा सेकंदांत आडवे.

खडूफळा :
‘कडेवर घेणे’ हा मी वहीत लिहून ठेवला. पीएच.डी.लासुद्धा लागू आहे.

ओळंबा :
एक राहिलं. लेव्हल कमी झाली तर? होते का तसं?

रात्रपाळी :
आताच्या गेममध्ये क्वचित, पण एव्हरक्वेस्टमध्ये मेलात की एक्सपी जायचा आणि नुकतीच चढलेली लेव्हल परत खाली यायची. वर तुमचं सगळं सामान त्या प्रेतावर राहायचं आणि तुम्ही उघडेबोडके ते आणायला राक्षसांमधून पळत जायचं. रॅग्नारोकमध्ये मेलं की एक टक्का जायचा पण लेव्हल नाही जायची, बरोबर ना?

गुलाबी पोरिंग :
हो, एक टक्का. पण अठ्ठ्याण्णवाव्या लेव्हलला तो एक टक्का म्हणजे अख्खी संध्याकाळ. रडू यायचं.

खडूफळा :
सरकारी भाषेत ‘पदावनती’. लिहू नका कृपया.

लाल माती :
‘उतरलं’ म्हणा. मेहनत सुटली की अंग उतरतं. कॅरेक्टर कमावलं, कॅरेक्टर उतरलं, जोडीचे शब्द हायत ते.

रात्रपाळी :
घेतला. संपादकांना पाठवतो, आता त्यांनी ‘घासणे’वर लाल खूण केली तर परत येतो इथेच.