अडचणीच्या वेळी धीर देणारी माणसं: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठची
सकाळपासून आमच्या ग्रुपवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं ते मोजणं चाललंय आणि मला २०१९ चा ऑगस्ट आठवतोय. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि त्या वर्षी नदी ५७ फुटांवर गेली होती. आमच्या इमारतीचं पार्किंग बुडालं, लाइट गेली, वरच्या टाकीत पाणी किती ते कुणालाच ठाऊक नाही. जो तो ओरडत होता.

अध्यक्षा काकू निवृत्त शिक्षिका. त्यांनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं आणि पहिल्यांदा सांगितलं, "होडी कधी येईल ते मला माहीत नाही. टाकीतलं पाणी जपून वापरलं तर दोन दिवस जाईल." मग कामं वाटली. कॉलेजच्या पोरांनी दर तासाला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं तिथे खडूने रेघ मारायची, वेळ लिहायची. कुणाला कुठली गोळी लागते त्याची वही माझ्याकडे. होडी आली तशी सगळे धावले, तर काकू दारात आडव्या. आधी डायलिसिसवाले आजोबा, मग लेकुरवाळ्या. होडीवाला म्हणेल तेवढीच माणसं, एकही जास्त नाही. तेव्हा काही जण चिडले. ब्रह्मनाळ गावात जास्त माणसं भरलेली होडी उलटल्याचं कळल्यावर मात्र कुणी काही बोललं नाही.

तुम्हालाही असं कुणी भेटलं असेल तर लिहा.

मीठभाकर
काकूंना नमस्कार सांगा _/\_ ती खडूची रेघ फार आवडली.

कालिनावाली
२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस. मी सहावीत. शाळेतच अडकलो सगळे. मोठ्या बाईंनी आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं आणि मेणबत्तीच्या उजेडात चक्क हजेरी घेतली. रात्री परत एकदा घेतली. आपलं नाव घेतलं की "हजर" म्हणायचं, एवढ्यानेच रडणारी मुलं गप्प झाली. एका मैत्रिणीचे काका कमरेएवढ्या पाण्यातून आले होते, पण बाई त्यांना ओळखत नव्हत्या. मैत्रिणीने ओळखलं, त्यांनी वहीत सही केली, मगच सोडलं. बाकीचं नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

आडवाटेचा
आमचे बाबा त्या रात्री चर्चगेटहून बोरिवलीपर्यंत चालत आले. वाटेत लोक बिस्किटं, चहा देत होते म्हणे. (विषयाला सोडून आहे, पण राहवलं नाही.)

उमरग्याची लेक
३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, सगळे दमून झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. आमचं गाव थोडं लांब, तरी दगडमातीच्या भिंती आणि वरची माळवदं खाली आली. आजोबा सरपंच नव्हते, काहीच नव्हते. ते पारावर उभे राहिले आणि गल्लीगल्लीने एकेक घराचं नाव घेऊन विचारू लागले, कोण आहे, कोण नाही. ज्या घराचं उत्तर आलं नाही तिकडे गडी धाडले. दिवसभर धक्के बसत होते. लोक भांडी, दागिने काढायला आत शिरू बघायचे. आजोबा एकच म्हणायचे, "माणूस ऱ्हायला तर भांडं व्हईल." माझी धाकटी आत्या त्यातच गेली. त्यांना ते दुपारी कळलं. तरी संध्याकाळपर्यंत पारावरून हलले नाहीत.

कृष्णाकाठची
काय लिहू ताई. आजोबांना नमस्कार.

हिंजवडी_रिटर्न
उलट अनुभव लिहू का? आमच्या कंपनीत नोकरकपातीची कुजबुज होती. वरचे साहेब दर सोमवारी हसतमुखाने "काळजीचं कारण नाही". एका शुक्रवारी निम्म्या टीमची कार्डं बंद. आमच्या लीडने मात्र आधीच एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मला यादी माहीत नाही, पण लक्षणं बरी नाहीत. गृहकर्ज घेणार असाल तर थांबा." मी थांबलो, म्हणून वाचलो. तिची स्वतःची नोकरीही त्याच दिवशी गेली.

मीठभाकर
आणि गोड बोलणारे साहेब अजून तिथेच असणार!

हिंजवडी_रिटर्न
हो ना.

शिवाजीपार्क
अजिंक्य रहाणे! २०२० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात अ‍ॅडलेडला ३६ वर आपला डाव संपला, कर्णधार कोहली घरी परतलेला, म्हणून कप्तानी ह्याच्याकडे. मेलबर्नला हा ११२ वर असताना जडेजाबरोबरच्या गोंधळात धावबाद झाला. जाताना जडेजाकडे जाऊन त्याला थोपटलं आणि निघून गेला. जडेजाने पुढे पन्नास पूर्ण केले. मग २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनचं गाबा मैदानही जिंकलं, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरलीच नव्हती.

आडवाटेचा
भूकंपातून थेट गाबा! पण ते थोपटणं खरंच बघण्यासारखं होतं. डोंबिवलीचा पोरगा आमचा.

रात्रपाळी
ड्युटीवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. एप्रिल २०२१, जिल्ह्याच्या गावातलं कोविड वॉर्ड. इनचार्ज सिस्टर प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला भिंतीवरच्या पाटीवर लिहायच्या: ऑक्सिजनचे भरलेले जम्बो सिलिंडर किती, ते किती तास पुरतील. एका जम्बोत साधारण ७००० लिटर, मिनिटाला १० लिटर लावला तर साडेअकरा तास. हा हिशोब त्यांनी मावशींनाही शिकवला होता. डॉक्टर म्हणाले, कशाला लिहिता, लोक घाबरतील. सिस्टर म्हणाल्या, "आकडा नसला की जास्त घाबरतात." नातेवाईक येऊन पाटी वाचायचे आणि ऑक्सिजनची गाडी कुठवर आली ते विचारायला स्वतः फोन लावायचे.

कालिनावाली
आले परत. रात्रपाळी, जम्बो म्हणजे तो उंच काळा सिलिंडर ना? आमच्या सोसायटीने दोन घेतले होते, चावी कुणाकडे तेच माहीत नाही.

रात्रपाळी
तोच, पांढऱ्या खांद्याचा. चावी सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवा. आणि आडवा पडू देऊ नका, साखळीने भिंतीला अडकवा. चला, बेल वाजली.