दीर्घकालीन, दीर्घदर्शी की दीर्घसूत्री?

अनुवादेच्छुक
अणुकचऱ्यावरील एका लेखाचा अनुवाद करत आहे. फिनलंडमध्ये ओंकालो येथे ४०० मीटरहून अधिक खोल खडकात वापरलेले अणुइंधन कायमचे ठेवण्याची सोय केली असून, ते लाखभर वर्षे सुरक्षित राहावे अशा हिशेबाने तिची आखणी झाली आहे. इतक्या लांबचा विचार करण्याची समाजांना सवय नसते, हा लेखकाचा मुख्य मुद्दा. या 'लाँग टर्म थिंकिंग'ला मी 'दीर्घकालीन विचार' म्हटले होते. लेख तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी ते खोडून 'दीर्घसूत्री विचार' केले आणि 'दीर्घसूत्री योजना' असे सर्रास छापून येते, असा दाखला दिला. माझ्या माहितीतला दीर्घसूत्री माणूस म्हणजे आजचे काम उद्यावर आणि उद्याचे पुढच्या वर्षावर ढकलणारा. कोणते ठेवावे?

पोथीनिष्ठ
तुमची माहिती बरोबर आहे. 'विषादी दीर्घसूत्री च कर्ता तामस उच्यते' असे गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. शांतिपर्वातील तीन माशांच्या गोष्टीत तर हवा असलेला शब्द आणि त्याचा वैरी शेजारी शेजारीच भेटतात. कोळी तळ्याचे पाणी बाहेर काढू लागल्याचे पाहून वेळीच निघून जातो तो दीर्घदर्शी, जाळ्यापर्यंत जाऊनही प्रसंगावधानाने सुटतो तो प्राप्तकालज्ञ आणि 'घाई कशाला' म्हणत मरतो तो दीर्घसूत्र. अजून न आलेल्याची तजवीज करणाऱ्याला तिथेच 'अनागतविधाता' म्हटले आहे. लाख वर्षांची व्यवस्था करणाऱ्याला याहून नेमका शब्द सापडणार नाही.

रोखठोक
आणि तो वाचून पुढचे वाक्य वाचायला कोणी थांबणारही नाही! पोथीनिष्ठ, संस्कृतातला अर्थच प्रमाण मानायचा तर 'शिक्षा' म्हणजे शिकवण, मग मराठीत गुन्हेगाराला आपण काय देतो? 'सूत्र' म्हटले की आज लोकांना धागा आठवत नाही, धोरण आठवते. म्हणून 'दीर्घसूत्री' हा लांब पल्ल्याच्या धोरणाचा शब्द होऊ लागला आहे. तो अडवणारे आपण कोण?

पोथीनिष्ठ
'शिक्षा'चा जुना अर्थ मराठीतून गेला आहे, 'दीर्घसूत्री'चा गेलेला नाही. अणुकचरा तूर्त तसाच ठेवून निर्णय लांबणीवर टाकणारी सरकारे कितीतरी आहेत, त्यांचे धोरण अक्षरशः दीर्घसूत्री आहे. नेमक्या याच लेखात दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळतील.

शब्दवेल्हाळ
मला 'दीर्घकालीन विचार'ही खटकतो. दीर्घकालीन कर्ज म्हणजे फेडायला बराच काळ लागणारे कर्ज. त्याच न्यायाने दीर्घकालीन विचार म्हणजे बराच काळ चाललेला विचार. पुढच्या हजार वर्षांचा विचार एका दुपारीही करता येतो, आणि उद्याच्या खर्चाचा विचार जन्मभर पुरतो. 'दूरदृष्टी' हा एखाद्या व्यक्तीचा गुण वाटतो, समाजाच्या सवयीला तो चिकटत नाही. शिवाय नेत्रवैद्यकातील 'दूरदृष्टिता' म्हणजे जवळचे अंधूक दिसण्याचा दोष, आणि या विचारपद्धतीवर नेमका हाच आक्षेप घेतला जातो. साधे 'लांबचा विचार' का नको? तुम्ही स्वतः प्रश्नात तेच लिहिले आहे. मला विचाराल तर 'पुढल्या पिढ्यांची बेगमी' हे त्याहून गोड.

कालकूट
बेगमी हा शब्द बेगमांच्या कोठारांवरून आला असावा, असे मला नेहमी वाटते.

शब्दवेल्हाळ
बेगमांचा काही संबंध नाही. फारसी 'बे' आणि 'गम', म्हणजे चिंता नसणे. साठा करून ठेवला की चिंता मिटते, म्हणून बेगमी.

रोखठोक
मग तो शब्द इथे बाद. प्लुटोनियम-२३९ निम्मे उरायलाच सुमारे २४,००० वर्षे लागतात. असल्या ठेव्याच्या बाबतीत 'बे-गम' होणार कोण? आपण ठेवतो ते धान्य नव्हे, धोका आहे. 'सात पिढ्या बसून खातील' ही आपली म्हणण्याची पद्धतही मिळकतीपुरतीच. उत्तर अमेरिकेतील हौडेनोसौनी लोकांचा म्हणून सांगितला जाणारा सात पिढ्यांचा विचार निराळा, तिथे पिढ्या मोजायच्या त्या आपल्या निर्णयाची झळ कुठवर पोचेल हे पाहण्यासाठी.

अनुवादेच्छुक
लेखात पुढे इतिहासही येतो. फर्नांद ब्रोदेल या फ्रेंच इतिहासकाराने १९५८ मध्ये मांडलेल्या दीर्घ काळाच्या संकल्पनेचा आधार घेऊन लेखक म्हणतो की, ज्याला शतकांच्या मापाने मागे पाहता येत नाही, त्याला त्या मापाने पुढेही पाहता येत नाही. त्यामुळे शब्द दोन्ही दिशांना चालणारा हवा. 'अनागत' आणि 'बेगमी' दोन्ही एकतर्फी आहेत.

कालकूट
दोन्ही दिशांना चालणारा शब्द मराठीत आधीच आहे: परवा. उद्यानंतरचा दिवसही परवा आणि कालच्या आधीचाही परवा.

पोथीनिष्ठ
त्यातला भविष्याचा परवा 'परश्वः'वरून आला आहे. गेलेल्या दिवसालाही तोच शब्द कसा चिकटला, हे तपासायला हवे.

शब्दवेल्हाळ
आणि तेरवा? आमच्याकडे तो गेलेल्या दिवसासाठीच वापरतात, येणाऱ्या दिवसासाठी नाही. इतरांकडे कसे आहे?