कोठ्याजवळ बारीक माशी चावते, मच्छर नाही वाटत. काळा आजार होऊ शकतो का?

उमरेडरोडवाली
नमस्कार मंडळी. उमरेड रोडला आमचं जुनं घर आहे, मातीच्या भिंती, मागे लागूनच कोठा, दोन गाई नि एक कालवड. पाऊस लागल्यापासून संध्याकाळी एक बारीक माशी चावून राहिली, आवाज बिलकुल नाही, घोट्याजवळच चावते आणि मग आग आग होते. कूलर रिकामे केले, टाकी झाकली, नाली साफ केली, गावात धूरही मारून झाला, पण चार दिवसांत परत तेच. त्यात रस्त्याच्या कामावर बिहारकडचे मजूर आलेत आणि कोणीतरी सांगितलं की तिकडचा काळा आजार याच माशीनं पसरतो, तर आता लोक त्यांच्याजवळ उभं राहायलाही भिऊन राहिले. घरात लहान पोरगी आहे म्हणून विचारते. गाई दुसरीकडे बांधू का?

हिवताप_रिटायर्ड
ताई, वर्णनावरून वाळूमाशी वाटते, फील्डवर आम्ही सॅन्डफ्लायच म्हणायचो. खात्री करायची तर रात्री कोठ्याच्या भिंतीवर टॉर्च तिरपा धरून पाहा. दोन-तीन मिलिमीटरची, मातकट रंगाची, अंगभर केस, आणि बसली की दोन्ही पंख पाठीवर उभे ठेवते. बोट जवळ नेलं तर सरळ उडून जात नाही, भिंतीवरच टुणटुण उड्या मारत बाजूला सरकते. मच्छर असं करत नाही.

आता महत्त्वाचं. ही पाण्यात अंडी घालतच नाही. कूलर रिकामा करणं डेंगूसाठी चांगलं, ते चालू ठेवा, पण हिला त्यानं काही फरक पडत नाही. हिला पाहिजे ओलसर माती, त्यात शेण-मूत, कुजलेला पाला आणि अंधार, म्हणजे तुमच्या कोठ्याचा कोपरा नि भिंतीच्या पायथ्याच्या भेगा. अळी तिथंच ते कुजलेलं खाऊन वाढते, अंड्यापासून माशी व्हायला साधारण महिना-दीड महिना. दिवसभर माशी भेगेत बसून असते, अंधार पडला की बाहेर. धूर फक्त त्या वेळी उडणाऱ्यांना लागतो, भेगेतली तशीच राहते. म्हणूनच बिहारमध्ये घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींवर आतून औषध फवारतात, तेही सहा फुटांपर्यंतच, कारण ही जास्त वर जात नाही.

उडण्यात फार कमजोर आहे, पंख्याचा वारा पुरतो. मच्छरदाणी मात्र बारीक छिद्राची घ्या, साधीतून आत शिरते.

लॅबवाला_धंतोली
काकांनी माशीचं सांगितलं, मी आजाराचं सांगतो, कारण त्या मजुरांबद्दल वाचून वाईट वाटलं. काळा आजार जवळ बसून, सोबत जेवून होत नाही. भारतात तो माणसाकडून माशीत आणि माशीकडून माणसात जातो, गाईकडून येत नाही. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातले मिळून 54 जिल्हे त्याचे मानले जातात, महाराष्ट्र त्यात नाही.

माशीच्या पोटात जे होतं ते विलक्षण आहे. रोग्याचं रक्त प्यायल्यावर लिशमानिया नावाचे, हा आजार करणारे सूक्ष्म परजीवी आठवडाभर आत वाढतात आणि एक चिकट बोळा तयार करून तिचा घसाच चोंदवतात. मग तिला रक्त नीट ओढता येत नाही, भूक भागत नाही, ती परत परत टोचत राहते आणि दर वेळी तो बोळा जखमेत ओकते. म्हणजे परजीवी माशीलाच जास्त चावायला लावतो!

म्हणून मजुरांपैकी कोणाला दोन आठवड्यांच्या वर ताप असेल, वजन उतरत असेल, डाव्या बरगडीखाली प्लीहा वाढलेली असेल, तर त्याला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. बोटाच्या थेंबभर रक्तावर आरके-39 टेस्ट होते. निघालाच तर लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी हे औषध सलाईनमधून एकदाच देतात. तो बरा झाला की माशीला परजीवी मिळायचा रस्ता बहुतेक बंद. त्याला हाकललं तर तो ताप अंगावर काढेल, आणि मग खरा धोका.

कामठीची_सिस्टर
ताई, पोरीसाठी मला काळ्या आजारापेक्षा चांदीपुराची जास्त काळजी वाटते. हा व्हायरस आपल्याच नागपुरात 1965 मध्ये सापडला, नावही इथल्याच गावाचं, आणि पसरवते वाळूमाशीच. 2003 मध्ये आंध्रात 329 मुलांना झाला, त्यातली 183 गेली. 2007 मध्ये विदर्भातही केसेस होत्या. सकाळी धडधाकट लेकरू, अचानक खूप ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, एक-दोन दिवसांत खेळ संपतो. लस नाही, खास औषध नाही, लवकर आयसीयू मिळणं हाच उपाय. तापात झटका आला किंवा पोरगी गुंगीत गेली तर अंगारा-धुपारा, गावातलं इंजेक्शन यात एक तासही घालवू नका, सरळ मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन या.

उमरेडरोडवाली
टॉर्चनं पाहिलं, तीच आहे, उड्या मारणारी. पीएचसीत फवारणीचं सांगून आली, मजुरांच्या मुकादमाशीही बोलली. पण पोळ्याच्या आधी आम्ही भिंती सारवतो, ते चालेल ना?

हिवताप_रिटायर्ड
सारवण आधी, फवारणी नंतर. उलटं केलं तर औषध मातीखाली दबतं आणि सगळं वाया. आधी भेगा माती-चुन्यानं बुजवा, विशेषतः जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या, मग सारवा, पूर्ण वाळू द्या, मग फवारणीवाले बोलवा आणि त्यांना कोठा दाखवल्याशिवाय जाऊ देऊ नका. त्यानंतर दोन-तीन महिने भिंतीला हात लावू नका. गाई हलवता आल्या तर ठीक, नाही तर शेण रोज उचला, गड्डा घरापासून दूर, आणि कोठ्याची जमीन कोरडी.