आजारी बाळाला काय भरवलंत, कसं भरवलंत?

गेल्या आठवड्यात माझ्या अकरा महिन्यांच्या लेकीला जुलाब लागले. घरच्या मोठ्यांचं म्हणणं, पोटाला आराम दे, दूध बंद कर. डॉक्टरांनी नेमकं उलट सांगितलं: अंगावरचं दूध थांबवायचं नाही, मागेल तेव्हा पाजायचं. ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, उरलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या भांड्यात, असं नाही. शिवाय १४ दिवस झिंक. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा चमचा. मला हे आधी माहीत असतं तर पहिला दिवस वाया गेला नसता. तुमचे अनुभव लिहा, कुणाला तरी रात्री दोन वाजता उपयोगी पडतील.

---

माझा मुलगा चार महिन्यांचा होता, सर्दीने नाक चोंदलेलं. दूध ओढायला लागला की श्वास अडायचा, मग सोडून रडायचा. मला वाटलं दूधच आटलं. पाजण्याआधी नाकात सलाईनचे थेंब घातले आणि त्याला जरा उभं धरून पाजलं, तेव्हा जमलं. तरी दोन वेळा ओढेचना, म्हणून दूध पिळून वाटी-चमच्याने दिलं. आईने बोंडलं काढून ठेवलं होतं, पण त्याची चोच आतून नीट घासता येत नाही, म्हणून मी वापरलं नाही.

---

आम्ही रत्नागिरीकडचे. तापात आमच्याकडे पेज. धाकटीला (दीड वर्षं) मी दोन दिवस नुसतं वरचं पाणी देत राहिले आणि ती मलूल होत गेली. पाण्याने पोट भरतं, अंगात काही जात नाही. मग उकड्या तांदळाची शितं कुस्करून, मीठ आणि चमचाभर तूप घालून दिली. एका वेळी चार घास, पण दर दोन तासांनी.

---

तोंडात फोड आले होते तेव्हा गरम, आंबट, खारट काहीच चाललं नाही. गार केलेलं नाचणीसत्त्व आणि कुस्करलेलं केळं, एवढंच.

---

खोकल्यावर मध चाटवायला सांगतात. वर्षाच्या आत अजिबात नको.

---

मी चुकले ते लिहिते. लेक खात नव्हता म्हणून माझं सगळं लक्ष खाण्याकडे, लघवीकडे नाही. दुपारपासून लंगोट कोरडा होता, डोळे खोल गेले होते, हे रात्री लक्षात आलं. सलाईन लावावं लागलं. आता आजारपणात वही ठेवते: किती वेळा प्यायला, किती वेळा शू.

---

वहीचं आजच सुरू करते. लेकीचे जुलाब थांबलेत, पण गालाची हाडं दिसतायत. दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यायला सांगितलंय. सध्या ते संध्याकाळी पाचला असतं: मुगाचं घट्ट वरण, मऊ भात, वर तूप.